शिट्टीमास्तरांची उडी

शिट्टीमास्तर भर दुपारी पिऊन येतात, ही बातमी पोहण्याच्या तलावावर आधी बायकांना कळली आणि पुरुषांना त्यांच्याकडून. पुरावाही तगडा होता. मास्तरांनी कपड्याबुटांसकट खोल पाण्यात उडी मारली, तळ गाठला आणि सगळ्यांच्या देखत छातीशी कवटाळून वर काय आणलं, तर तांबडा टॉवेल. त्याला तोंडाने श्वास द्यायचा तेवढा बाकी ठेवला. शिवाय ते रोज पंपाच्या खोलीत शिरून दार लावतात, हे तिकीटवाल्या बाईंनी स्वतः पाहिलेलं. दाराआड काय चालतं ते पाहिलं नव्हतं, पण तेवढ्यासाठी सांगायचं थोडंच थांबतं?

मास्तर तलावाचे जीवरक्षक. मधूनच शिट्टी मारून सगळ्यांना पाण्याबाहेर काढायचे, काठावर ओळीने बसवायचे आणि डोकी मोजायचे. पोरं वैतागायची. एक जाडा म्हणायचा, मास्तर, मला दोनदा मोजा, लवकर संपेल. मास्तरही त्याला दोनदा मोजायचे.

यंदाच्या उन्हाळ्यात मात्र त्यांना स्वतःच्या मोजणीवर भरवसा उरला नव्हता. तलावाचं पलीकडचं टोक पांढुरकं झालं होतं. आधी त्यांनी उन्हाला दोष दिला, मग पाण्यातल्या औषधाला. आता डोकं कुठलं आणि चेंडू कुठला, हेही कळेना. कुठे क्षणभर आवाज थांबला की ते खुर्चीतून उठून उभे राहायचे. कोणी खाली गेलं तर आपल्याला दिसणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. आणि हे बोललो तर नोकरी जाईल, हेही.

बायको त्यांची मोठी भाविक, पण देवाला रविवारपुरता ठेवणाऱ्यांतली नव्हे. उन्हाळ्यात चर्चमधली माणसं गावाला जातात, देव जात नाही, असं ती पाद्रीबुवांना तोंडावर सुनवायची. तिने मास्तरांना छोट्या छोट्या सवयी लावल्या होत्या. सकाळी चहाबरोबर शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एक उतारा मोठ्याने वाचायचा. फाटकाचं कुलूप काढताना एका वाक्याची प्रार्थना. डबा उघडला की, कोणी टकमक बघत असलं तरी, आधी आभार. आणि खुर्चीवर बसल्या बसल्या पाण्यातल्या एकेका पोराचं नाव देवापुढे घ्यायचं. मास्तरांचे ओठ हलताना दिसायचे ते यामुळे. लोकांनी त्याचाही अर्थ लावला, हे सांगायला नकोच.

यंदा या सवयींत मास्तरांनी पंपाच्या खोलीची भर स्वतःच्या मनाने घातली होती. ओल्या नळ्यांमध्ये गुडघे टेकून ते एकच मागायचे, प्रभू, माझ्या पाळीत कोणी बुडू नये.

त्या टॉवेलच्या दिवशी सगळे हसले, तेही हसले. दारुड्याला समज देऊन सोडतात, आंधळ्याला घरी बसवतात, एवढा हिशेब त्यांनी ठिबकत्या कपड्यांतच केला. पण बूट उपडे करताना एक विचार आला आणि हात थांबले. आज टॉवेल पोरासारखा दिसला. उद्या पोर टॉवेलसारखं दिसेल.

दुसऱ्या दिवशी चहाला बायकोने शास्त्र त्यांच्यापुढे सरकवलं. बरेच दिवस घसा बसल्याचं सांगून ते तिलाच वाचायला लावत होते. आज सुटका नव्हती. ओळींवरून बोट फिरवत त्यांनी मेंढपाळाचं स्तोत्र घडाघडा म्हटलं, एक शब्द चुकला नाही.

बायकोने कप खाली ठेवला. "अहो, तुमचं बोट वंशावळीच्या पानावर आहे, स्तोत्र तिथे नाहीच."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं, टॉवेलसुद्धा. ती ओरडली नाही. पंपाच्या खोलीत काय मागता, एवढंच विचारलं. त्यांनी सांगितलं.

"म्हणजे पोरं देवाने सांभाळायची आणि खुर्ची तुम्ही," ती म्हणाली. "ही प्रार्थना नव्हे. हे लपणं आहे."

फाटकापाशी पोरांची रांग लागली होती. कुलपाचं भोक बोटाने चाचपून त्यांनी किल्ली लावली. नेहमीची एका वाक्याची प्रार्थना त्या दिवशी बदलली. माझी जीभ चालू दे, एवढंच ते म्हणाले.

मॅनेजर वयाने मुलासारखा, मास्तरांनीच पोहायला शिकवलेला. बातमी त्याच्याही कानावर गेलेली. मास्तर ऑफिसात आले तसं त्याने दार लोटून घेतलं आणि अवघडून म्हणाला की काल घेतली असेल तर घेतली, पुन्हा नको, विषय संपला.

सुटकेची वाट आयती समोर उघडली होती. नुसती मान हलवायची होती. बाहेर पहिलं पोर पाण्यात पडल्याचा आवाज आला.

"साहेब, मला पलीकडचं टोक दिसत नाही," मास्तर म्हणाले. "आधी सगळ्यांना बाहेर काढा."

मॅनेजर धावला. तलाव रिकामा झाला. मास्तरांनी गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली. खुर्चीवर दुसरा माणूस बसेपर्यंत कोणाला पाण्यात सोडलं नाही.

उन्हात, पायाने फुटपाथची कड चाचपत, ते घरी निघाले. पुन्हा कामावर घेतील की नाही, हे मॅनेजरने सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं. भीती होतीच. पण आता ती स्वतःच्या पोटाची होती, दुसऱ्यांच्या पोरांची नव्हती.

टॉवेलच्या दिवशी मास्तर प्यायलेले नव्हते. चर्चमध्ये प्रभुभोजनाला मिळणाऱ्या द्राक्षारसाच्या घोटापलीकडे त्यांनी आयुष्यात कधी घेतली नाही. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता.