पास्टरकाकांच्या गल्लीचा पत्ता

मंडळी, आज एक गोष्ट मनाला फार खातेय.

नगरला आमच्या गल्लीला नुकतंच दिवंगत पास्टरकाकांचं नाव दिलं. दलितांना सार्वजनिक विहिरीवर पाणी भरता यावं म्हणून त्यांनी मार खाल्ला, पुढे गल्लीतला दारूचा गुत्ताही बंद पाडला. ग्रुपवर मीच मिरवलं होतं.

सकाळी इथला मित्र सुट्टीवर नगरला निघाला. माझ्या आईसाठीचं पार्सल घेताना म्हणाला, "यल्ला, लवकर पत्ता बोल, फ्लाइट आहे."

इथे आखातात, मनखूलमध्ये, दुकानांवरून पत्ता सांगायची सवय. बोलून गेलो, "जुन्या गुत्त्यामागे. कोपऱ्यावरच्या घरात विचार, कोणीही सांगेल."

कोपऱ्यावरचं घर पास्टरकाकूंचं. काकांच्या नावाची पाटी त्यांच्याच भिंतीवर लागलीय. तिच्याखाली उभा राहून हा त्यांना गुत्ता कुठे म्हणून विचारणार.

फ्लाइट सुटलीय. काकूंना फोन करून मी काय सांगू?