हॅलोकाका आणि न दिसणारे स्पीकर

हॅलोकाकांना रागावायला एरवी कारण लागत नसे. बुटाची नाडी, वर्तमानपत्राची घडी, समोरच्या मास्तरांचं खोकणं, काहीही चालायचं. पण त्या सोमवारी त्यांच्याकडे अस्सल कारण होतं, आणि तेही घरचं.

चहाचा कप समोर ठेवत काकू म्हणाल्या, "मला स्वयंपाकघरात गाणी ऐकायला स्पीकर हवेत. दोन. लहान. आहेत कुठे ते दिसूसुद्धा नयेत, असे."

"दिसू नयेत?" काकांच्या तळपायाची आग कपाळापर्यंत यायला अर्धा घोटही लागला नाही. "का? स्पीकर म्हणजे काय उंदीर आहे, लपवून ठेवायला?"

त्यांचा राग तसा रास्त होता. चौतीस वर्षं या माणसाने लाउडस्पीकरचा धंदा केला. सभा, शर्यती, लिलाव, लग्नं, जिथे म्हणून चार माणसांपुढे पाचवा बोलायला उभा राहणार, तिथे आधी हे उभे. माईकवर टिचकी मारायची आणि "हॅलो, हॅलो, वन टू थ्री" म्हणायचं. आयुष्यभर एवढंच भाषण केलं. नंतर येणाऱ्या वक्त्यांपेक्षा ते बरं असायचं, असं मास्तर म्हणत. त्यावरून नाव पडलं ते पडलंच; खरं नाव फक्त वीजबिलावर उरलं.

आणि त्यांची एक पद्धत होती. माईक लावून झाला, की मदतनिसाला बोलत ठेवायचं आणि आपण चालत चालत मैदानाच्या टोकाला, थेट शेवटच्या रांगेत जायचं. डोळे मिटायचे. शब्द न् शब्द कळला, की हात वर करायचा. पुढच्या रांगेत कुणी कान झाकून बसलं तरी काकांना फिकीर नसे. "पुढे बसतात ते मोठे लोक. ते ऐकायला येतच नाहीत. शेवटच्या रांगेतला माणूस लांबून पायी आलेला असतो. त्याचा एक शब्द बुडाला, तर आपण पाप केलं." गेल्या वर्षी त्यांनी धंदा विकला, तो घेणाऱ्यालाही हीच दीक्षा देऊन.

अशा माणसाच्या बायकोने न दिसणारे स्पीकर मागावेत! काका फुरफुरले, "बाहेरच्या खोलीतले दोन आणून ठेवतो की आत."

धंद्यातले शेवटचे दोन खोके त्यांनी ठेवून घेतले होते. कमरेएवढे उंच, काळे, दोघांनी उचलायचे.

"आणा ना," काकू म्हणाल्या. "मग ते आत राहतील आणि मी बाहेरच्या खोलीत कांदा चिरीन."

इथपर्यंत नेहमीचंच होतं. पण उठता उठता काकू अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "तिसऱ्यांदा मागतेय. चौथ्यांदा मागणार नाही."

काकांनी कप खाली ठेवला. काकूंचं मागणं संपलं म्हणजे काय होतं, ते त्यांनी एकदा पाहिलं होतं. समुद्र बघायला जाऊ या, असं त्या दोनदा म्हणाल्या होत्या. दोन्ही वेळा काकांच्या सभा होत्या. मग तो विषयच निघाला नाही. पुढे काका स्वतःहून तिकिटं घेऊन आले, तेव्हा काकूंनी ती नीट बघितली, परत पाकिटात घातली आणि म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रागाशी कसं वागायचं, हे काकांना ठाऊक होतं.

गाण्याचंही तसंच झालं होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी ओट्याच्या वर फळीवर एक रेडिओ होता. दिवसभर कर्कश आवाजात उभे राहिलेले काका घरी यायचे, आत जायचे आणि खटकन तो बंद करायचे. "कान शिणलेत." राहू दे ना चालू, असं काकूंनी एकदा म्हणून पाहिलं, आणि महिनाभरात रेडिओ कपाटात गेला. मुलगी लग्न होऊन गेली, तेव्हा काकूंनी पुन्हा विचारलं होतं. काका "बघू" म्हणाले होते. आता ही तिसरी खेप.

म्हणून काका दुकानात गेले. धुसफुसत, पण गेले. तिथे चष्मा लावलेली एक विक्रेती होती. तिने एक पांढरी चकती दाखवली, छतात बसते म्हणाली. एक चपटी पाटी दाखवली, भिंतीच्या रंगात रंगवता येते म्हणाली. मग पेरूएवढा एक गोळा पुढे केला.

"आणि हा बोलतोसुद्धा, सर."

"काय बोलतो?"

"तुम्ही काही विचारलंत की उत्तर देतो."

"तसं एक आहे घरी," काका म्हणाले. "लहान स्पीकर दाखवा."

तिने मुठीएवढे दोन काढले. काकांनी ते पाहिले आणि त्यांना चार माणसांत कुणी टोपी उडवल्यासारखं वाटलं. "हे? हे खेळणं आहे. लावा बघू."

तिने लावले. काका पाठ फिरवून चालू लागले. टीव्ही ओलांडले, धुलाईयंत्रं ओलांडली, फ्रीजच्या पलीकडे दारापाशी जाऊन उभे राहिले आणि डोळे मिटले.

"आवाज नाही!" ते तिथून ओरडले.

विक्रेती तिथवर चालत आली. "सर, स्वयंपाकघर केवढं आहे तुमचं?"

"दहा बाय आठ."

"मग तुम्ही फ्रीजच्या मागे का उभे आहात?"

"बाई, चौतीस वर्षं मी हेच केलंय!" काकांचा आवाज विनामाईक सगळ्या मजल्यावर पोचला. "आवाज कसा बघतात ते मला शिकवू नका!" आणि त्या रागात त्यांनी लहानांमधली सगळ्यात दणदणीत जोडी उचलली. विटेएवढी होती. आत ठोका पडला की दाराची काच थरथरत होती. काका खूश झाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती जोडी ओट्यावरच्या कपाटाच्या माथ्यावर, दोन कोपऱ्यांत, तोंड दाराकडे करून बसवली. खालून खरंच दिसत नव्हती. काकू कढईत कांदा परतत होत्या, वर धूर ओढणारा पंखा घरघरत होता. काकांनी गाणं लावलं आणि निघाले. बाहेरची खोली, व्हरांडा, पायऱ्या, थेट फाटक. डोळे मिटले. शब्द न् शब्द येत होता. काकांनी हात वर केला.

"स्वच्छ!" ते ओरडले. "एकदम स्वच्छ!"

"मलाही येतंय!" समोरच्या गच्चीतून मास्तर ओरडले.

"इकडे या," आतून काकू म्हणाल्या. त्या ओरडल्या नव्हत्या.

काका विजयी मुद्रेने आत गेले. काकूंनी त्यांच्या हातात उलथणं दिलं. "उभे राहा इथे. हलायचं नाही. परता." नळ सोडला. पंखा चालूच होता. "आता सांगा, कोण गातंय? बाई की पुरुष, एवढंच सांगा."

काकांनी कान टवकारले. पंख्याची घरघर, नळाची धार, कांद्याची चुरचुर. आणि वर कुठेतरी कुणी बंद पेटीत धोंडे लोटत असल्यासारखे धपधप आवाज. गाणारं माणूस काही सापडेना. ते डोक्यावरून दाराबाहेर निघून जात होतं, फाटकाशी, मास्तरांकडे.

"पंखा बंद कर, मग..."

"पंखा बंद करू? आणि धुरात बसू? नळ बंद करू? भांडी कोण घासणार, मास्तर?" आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा काकूंचा आवाज व्हरांड्यापर्यंत गेला. "फाटकाशी कोण उभं असतं हो? मी कुठे उभी असते? सकाळी सहापासून मी या दोन फरशांवर उभी असते! मैदानाच्या टोकाचा कोण कुठला माणूस, त्याचा शब्द बुडाला तर तुम्हाला पाप लागतं. मी कुठल्या रांगेत आहे तुमच्या?"

"अगं, पण..."

"रेडिओ बंद करायचात. एकदा तरी विचारलंत, काय चाललं होतं? गाणं अर्धं झालं होतं का, संपत आलं होतं?"

"कान शिणायचे माझे!" काकाही ओरडले. दुसरं काही सुचलं नाही, म्हणून खरं तेच बोलले.

"तुमचे शिणायचे. माझे उपाशी होते."

कांदा करपला. दोघांनीही पाहिलं आणि दोघांनीही हात लावला नाही. मग काकूंनी गॅस बंद केला, आणि आवाज पुन्हा तसाच साधा झाला. "काढा ते. राहू दे."

राहू दे! म्हणजे मागणं संपलं. ते शिडीवर चढले आणि सगळ्यांवर रागावले. स्क्रूवर, शिडीवर, ती वीट बनवणाऱ्यावर, चष्मेवाल्या बाईवर. शेवटी रागवायला कुणी उरलं नाही, तेव्हा ते वरच्या पायरीवर बसून राहिले. तिथून खाली ओट्यासमोरच्या दोन फरशा दिसत होत्या. बाकीच्या फरशांवर नक्षी होती. त्या दोन्हींवरची पुसली गेली होती.

बुधवारी सकाळी ते हातात मोजपट्टी आणि खडू घेऊन स्वयंपाकघरात शिरले. चेहरा भांडायला निघाल्यासारखा होता.

"हे काय?"

"तू काम कर."

"पायात येताय."

"येऊ दे. सरळ उभी राहा. कान कुठे येतो तुझा?"

कापताना कान कुठे असतो, परतताना कुठे, वाकून भांडी घासताना कुठे, तिन्ही जागी त्यांनी भिंतीवर खडूने खुणा केल्या. काकूंनी एकदा "वेड लागलंय" म्हटलं, ते भिंतीला उद्देशून.

मग काका दुकानात गेले, काखोटीला घरचा मिक्सर घेऊन.

"सर, हा आमच्याकडचा नाही," विक्रेती म्हणाली.

"घरचा आहे. वीज कुठे आहे?"

मिक्सर सुरू झाला. दुकानातली गिऱ्हाइकं गोळा झाली. काका त्याच्यासमोर ओट्याशी उभं राहावं तसे उभे राहिले, स्पीकर हातभर अंतरावर ठेवायला लावले आणि एकच गाणं एकामागून एक सगळ्या जोड्यांवर ऐकलं. दणदणीत होते ते मिक्सरमध्ये विरघळले. छतातली चकती टाळूवर बोलत होती. शेवटी ते मुठीएवढे लागले. धपधप त्यांच्यात नव्हतीच. पण घरघरीच्या मधून गाणाऱ्या बाईचा आवाज सुईत दोरा ओवावा तसा नेमका आला. तिने मध्येच श्वास घेतला, तोही कळला.

"हे द्या."

"सर, परवा तुम्ही ह्यांना खेळणं म्हणाला होतात."

"परवा मी मूर्ख होतो. आज नुसता रागावलोय."

"कुणावर?"

"मिक्सर गुंडाळून द्या, बाई."

काकू बाजारात गेल्या होत्या तेवढ्यात काकांनी काम उरकलं. ओट्यावरच्या कपाटाच्या बुडाशी पुढे दोन बोटं रुंद पट्टी उतरलेली असते. तिच्या मागे, खडूच्या खुणांच्या दोन बाजूंना, एकेक बसवला. वायर ओट्यामागच्या भिंतीवरल्या फरशांच्या सांधीतून नेली. त्यांनी मैदानांवरून मैलोगणती वायर सोडली होती, कुणी अडखळलं तर त्यालाच शिव्या घातल्या होत्या. लपवली कधी नव्हती. या तीन हात वायरीने त्यांचा जीव काढला. ओल्या बोटांनीही फिरेल असं एक जाड बटण त्यांनी नळाजवळ लावलं. मग खुणा पुसल्या.

काकू आल्या. पिशवी ठेवली, वर पाहिलं. "काढलेत ना ते?"

"काढले."

त्यांनी पंखा लावला, कढई ठेवली, कांदा घेतला. मग त्यांना ते बटण दिसलं. त्यांनी काकांकडे पाहिलं. काका खिडकीकडे बघत होते, खिडकीने काहीतरी अपराध केल्यासारखे. काकूंनी बटण फिरवलं.

गाणं आलं. कुठून, ते कळत नव्हतं. पण काकूंचा हात थांबला. एक कडवं त्यांनी तसंच, हातात सुरी धरून ऐकलं. मग कांदा चिरायला घेतला.

काका वाट पाहत होते. माणसाने जोडी शोधली, मिक्सर काखोटीला मारून चारचौघांत उभा राहिला, तीन हात वायर लपवली. काहीतरी शब्द निघायला हरकत नव्हती. "येतंय का ऐकू?" ते शेवटी म्हणाले.

"येतंय."

"स्वच्छ?"

"हो." काकूंनी सुरीने कांदा कढईत लोटला आणि मान न वळवता म्हणाल्या, "फार उशीर केलात."

काकांच्या ओठांवर उत्तर आलं. चांगलं, चढ्या आवाजातलं होतं. पण ते बोललं असतं तर गाण्यातली ओळ बुडाली असती. त्यांनी ते गिळलं, शिडी मिटली आणि दाराला न आपटता बाहेर नेली.