रिकाम्या मिलचा आवाज

विलास गेल्याचं मला ज्यानं कळवलं त्याला मी ओळखत नव्हतो. ग्रंथालयात नव्या पुस्तकांवर शिक्के मारत बसलो होतो, फोन आला. "मी सांगलीचा हारगे. विलासदादांचा दोस्त. दादा सकाळी गेले... झोपेतच." मी शिक्का खाली ठेवला. तीस-पस्तीस वर्षांच्या मैत्रीत हे नाव मी एकदाही ऐकलं नव्हतं. लिहायला लाज वाटते, पण त्या क्षणी पहिल्यांदा मनात आलं ते दुःख नव्हतं. याला माझा नंबर कुणी दिला, हा प्रश्न होता.

विलास आणि मी कोरेगावच्या एकाच शाळेतले. मी साताऱ्याला कॉलेजच्या ग्रंथालयात चिकटलो, तो आयटीआय करून सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात फिटर झाला. शिकाऊ असताना पुण्यात त्याच्या हाती एक परदेशी कॅसेट पडली. यंत्रांची घरघर, पत्र्यावर पत्रा आपटल्यासारखे ठोके, आणि तरीही पाय हलावेत असा कडक ताल. अशा संगीताला इंडस्ट्रियल म्हणतात हे त्याला कितीतरी उशिरा कळलं. त्याआधीच तो कारखान्यातले आवाज टिपून घरी आणू लागला होता. कोरेगावच्या घरातली मागची खोली त्यानं साखरेची रिकामी पोती भिंतींना ठोकून बंद केली आणि सुट्टीच्या दिवशी तिथं संगणकापुढं बसून एकेक गाणं बांधलं. बारा वर्षांत सात गाणी झाली. ती इंटरनेटवर टाकायची ठरली तेव्हा सोबतचं टिपण मी लिहिलं, कारण त्याच्या ओळखीत लिहिणारा मीच होतो. 'ऐन गळीत हंगामातला, ऊस पिळतानाचा हा आवाज' हे त्यातलं वाक्य मला फार आवडलं होतं.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं, रिमिक्सच्या अल्बमवरून. या संगीतात अशी रीत आहे की एखाद्यानं अल्बम केला की त्याच्या गाण्यांचे सुटे थर, म्हणजे ताल वेगळा, यंत्र वेगळं, माणसाचा आवाज वेगळा, दुसऱ्यांच्या हाती द्यायचे. त्यांनी ते आपल्या मताप्रमाणे पुन्हा बांधायचे आणि त्याचा वेगळा अल्बम निघतो. विलासला असे अल्बम मुळापेक्षाही आवडत. मला ती लबाडी वाटे. वरातीत जुनी गाणी ठोक्यावर चढवून वाजवतात, त्याहून हे वेगळं कसं, असं मी विचारायचो.

"वरातीतला रिमिक्स गाणं झाकतो गड्या," तो म्हणायचा. "चांगला रिमिक्स उघडतो. आमी बंद हंगामात ऊस पिळायची मिल उघडतो का न्हाई? झिजलेल्या रोलरचं वरचं कवच काढतो, नवं चढवतो. आतला शाफ्ट त्योच. मग रोलर दुसरा झाला व्हय?"

"झाला."

"मग तुज्या पुस्तकांच्या आवृत्त्या निघत्यात त्या?"

"त्या लेखक स्वतः काढतो. परक्याच्या हातात कात्री देत नाही."

"लय संशयी हायस रं तू," तो हसायचा. "पुस्तक परत आलं की पानं मोजत असशील."

मोजायचो. त्याला ते सांगितलं नाही कधी.

विलासला जाऊन महिना झाला आणि हारगेचा पुन्हा फोन आला. त्याला विलासच्या सात गाण्यांचे सुटे थर हवे होते, रिमिक्सचा अल्बम काढायला. त्यातल्या एका गाण्याचे थर विलासनंच त्याला गेल्या वर्षी पाठवले होते म्हणे. मी चौकशी केली. हारगेचा सांगलीत लग्नकार्याला, मिरवणुकांना स्पीकर पुरवण्याचा व्यवसाय. माझा संशय पक्का झाला. हा माणूस विलासच्या बारा वर्षांवर आपला ठोका चढवणार आणि पुढच्या मिरवणुकीत वाजवणार. विलासनं त्याला थर दिले आणि मला साधं नावही सांगितलं नाही, हेही आत कुठंतरी सलत होतं. सगळे थर असलेली हार्ड डिस्क विलासच्या बायकोकडं, सुनंदावहिनींकडं होती. त्या म्हणाल्या, "भावजी, त्यांचं त्यातलं मला काय कळत न्हाई. तुमी ऐका आन सांगा. तुमी नको म्हणलात तर ती कपाटात ऱ्हाईल." म्हणजे मी नाही म्हटलं की विषय संपणार होता. त्या सात गाण्यांना पुन्हा कुणाचा हात लागणार नव्हता. मी नाही म्हणायचं ठरवूनच कोरेगावला गेलो.

हारगे आमच्याच वयाचा निघाला, जाड चष्म्याचा, हळू बोलणारा. मागच्या खोलीत आम्ही दोघं बसलो, वहिनी दारात उभ्या राहिल्या. त्याच्याकडं थर होते त्या एका गाण्याचं त्यानं जे केलं होतं, ते लावलं. मी मिरवणुकीच्या ठोक्याची वाट बघत होतो. तो आलाच नाही. उलट त्यानं विलासचा ताल जवळजवळ काढून टाकला होता. मिलची दातेरी चाकं सावकाश फिरत होती आणि त्यांच्या मागं एक मोठी, मोकळी जागा ऐकू येत होती.

"ही मिल रिकामी हाय," हारगे म्हणाला. "तुमच्या टिपणात ऊस पिळताना लिवलंय. ऊस असता तर आवाज दबला असता. ह्यो रोलर पूजनाचा दिवस हाय. हंगामाआधी पूजा करून मिल नुसती फिरवून बघत्यात, तवाचा."

कारखान्यात मी कधी पाऊलही टाकलं नव्हतं. विलासनं ते टिपण चार वेळा वाचलं होतं आणि एक शब्द बदलला नव्हता. तेवढ्यात स्पीकरमधून नारळ फुटल्याचा आवाज आला. कुणीतरी म्हणालं, "आरं फिटरसायेब, परसाद तरी घ्या!" आणि त्यावर विलास, अगदी जवळून, वैतागून, "आवं थांबा की जरा... आवाज घेतोय."

सुनंदावहिनींनी दाराची चौकट धरली. मग त्या म्हणाल्या, "परत लावा."

परत लावलं. तिसऱ्यांदा लावलं. त्या बाहेर गेल्यावर मी हारगेला सरळ विचारलं, "हा आवाज तुम्ही मुद्दाम वर काढलात ना? वहिनींनी हो म्हणावं म्हणून?"

त्यानं चष्मा काढला, पुसला. "व्हय. मुद्दाम. पण मी घातला न्हाई सायेब. त्यो होताच. दादांनी तालाखाली गाडला होता. त्यांनी मला ह्येच गाणं का पाठवलं, ते मला म्हाईत न्हाई... पण बाकीच्या सहात काय गाडलंय, ते मला बघायचंय."

उत्तर प्रामाणिक होतं की हुशार, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. वहिनी परत आल्या आणि माझ्याकडं बघत राहिल्या. मी कपाटातून डिस्क काढली आणि हारगेच्या हातात दिली. दोन अटी घातल्या. मूळ अल्बम आहे तसा राहील, आणि रिमिक्स झाला की पहिल्यांदा याच खोलीत वाजेल. माझं टिपण मात्र दुरुस्त करून द्यायला हवं होतं. ते करायला बसलो आणि त्या एका वाक्यापाशी दोन दिवस गेले. शेवटी वाक्य काढूनच टाकलं.

विलास नेमका कुणाच्या बाजूनं होता, माझ्या की हारगेच्या, हे विचारायला तो नाही. पण एक झालं आहे. अधूनमधून रविवारी मी कोरेगावला जातो, त्या खोलीत बसतो आणि मूळ गाणं लावतो, विलासनं केलं तसं, पूर्ण तालासकट. त्यात नारळ ऐकू येत नाही, कुणाचा आवाजही येत नाही. सलग ठोके येत राहतात. मला मात्र तालाखाली विलास बोलतो ती जागा आता ठाऊक आहे. ती जवळ आली की स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्या वहिनी नळ बंद करतात, मीही श्वास रोखून धरतो... आणि ती निघून गेल्यावर नळ पुन्हा सुरू होतो.