राजांच्या दरीपासून दहा मिनिटांवर

इजिप्तच्या सहलीत सात दिवस आमचे जेवणाचे हाल झाले नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. मस्कतला परतल्यावर आमच्या संयोजकांनी भेटेल त्याला तेच सांगितलं. दुपारी साडेबाराला वरणभात, संध्याकाळी सातला पोळीभाजी, एक दिवससुद्धा चुकला नाही. आणि पिरॅमिड? पिरॅमिडपाशी ऊन फार होतं, पण त्या दिवशीचा मसालेभात एक नंबर. हे आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

आम्ही मस्कतमधल्या अल् खुवैरचे. गाव रत्नागिरीकडे, पण गेली सोळा वर्षं ऑफिस, फ्लॅट, मुलीची शाळा, मित्रमंडळी सगळं इथेच. इथल्या मराठी कुटुंबांचा आमचा एक गट आहे. गणपती एकत्र, कोजागिरी एकत्र आणि दर दोन वर्षांनी सहलही एकत्र. संयोजक ठरलेले आहेत. मोठ्या कंपनीत वरच्या जागेवर आहेत, गळ्यात शिट्टी घालतात आणि सगळे त्यांना दादा म्हणतात. त्यांच्या सहलीचा नियम एकच, जेवण आपलंच. त्यासाठी ते मस्कतहून आचारी बरोबर नेतात, शिवाय तूरडाळ, गोडा मसाला आणि दोन मोठे कुकर. कैरोच्या विमानतळावर ते कुकर म्हणजे काय हे तिथल्या अधिकाऱ्यांना पटवून देण्यात आमचा तास गेला. इतक्या वेळात मी एक अख्खं दालन बघितलं असतं, पण संग्रहालयाला कार्यक्रमात मिळाला होता तोच मुळी एक तास.

यंदा आई आमच्याकडे आली होती. तिचं वय चौऱ्याहत्तर, गुडघे दुखरे, आणि गावच्या शाळेत तीस वर्षं शिकवल्यामुळे आवाज अजून खणखणीत. "मी घर सांभाळते, तुम्ही जाऊन या," असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. मग सहज कार्यक्रमाचा कागद चाळायला घेतला आणि पाचव्या दिवसापाशी थांबली. लक्सर, पश्चिम किनारा: राजांची दरी, राणीचं देऊळ, कारागिरांचं गाव.

"हे गाव खरंच दाखवतात?" तिने विचारलं.

"लिहिलंय म्हणजे दाखवणारच."

"मग मी येते," ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती संध्याकाळी इमारतीभोवती चालायचा सराव करू लागली. आधी दोन फेऱ्या, मग चार, मग सहा.

कारागिरांचं गाव म्हणजे डोंगरात राजांची थडगी खोदणाऱ्या आणि रंगवणाऱ्या लोकांची वस्ती. पाठ्यपुस्तकात इजिप्त अर्ध्या पानाचा, पण आई त्याला दोन तास द्यायची, आणि त्यातला दीड तास या गावाला. त्या लोकांची हजेरी खापरांच्या तुकड्यांवर लिहिलेली सापडली आहे. कोण कामावर आला नाही आणि का नाही, हे सगळं. एकाची आई वारली म्हणून, एक आजारी म्हणून, एकाला विंचू चावला म्हणून. विंचवावर आली की ती वर्गात थोडी थांबायची. मीही त्या वर्गात बसलेलो आहे, त्यामुळे मला ते थांबणं माहीत आहे.

माझे वडील ओमानमध्ये लाद्या बसवायचे. एकोणीस वर्षं, त्यातली बरीचशी रुस्ताकच्या बाजूला. पत्र्याच्या खोलीत आठ जण, प्रत्येकाला एक खाट आणि कपड्यांसाठी भिंतीत एक खिळा. त्यांना एकदा तिथे विंचू चावला होता. एक दिवस सुट्टी मिळाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अर्बाब, म्हणजे मालक, दारात उभा राहून 'यल्ला', चला, म्हणाला, असं त्यांनी पत्रात लिहिलं होतं. दोन वर्षांतून एकदा ते घरी यायचे. आई मात्र त्यांच्या हयातीत कधीच ओमानला आली नाही. त्यांना जाऊन आता अकरा वर्षं झाली.

या खेपेला आली तेव्हा तिने पहिली मागणी केली ती रुस्ताकची. मी नेलं. वडिलांनी पत्रात खाणाखुणा लिहिल्या होत्या, किल्ल्याकडून किती अंतर, कुठे वळायचं, कुठली मशीद. तिथे आता टायरचं दुकान आहे. दुकानातल्या माणसाला तिने हिंदीत विचारलं, इथे कामगारांच्या खोल्या होत्या ना? तो म्हणाला, "मालूम नहीं, अम्मा." ती दुकानाच्या मागच्या बाजूलाही जाऊन आली. गाडीत बसल्यावर म्हणाली, "एक भिंतसुद्धा ठेवली नाही रे." तेव्हा तिला तीन हजार वर्षांपूर्वीच्या मजुरांच्या भिंती कशाला बघायच्या होत्या, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तर सहल. पहिल्या चार दिवसांत आम्ही अत्तराची दोन दुकानं बघितली, पपायरसवरच्या चित्रांची दोन बघितली, आणि सुती कपड्यांचं एक. दुकानात वेळेचं बंधन नाही. कर्नाकच्या देवळात मात्र पन्नास मिनिटं, त्यातली वीस गटाचा फलक धरून फोटो काढण्यात. खांब एवढाले, की मान मागे टाकून बघताना टोपी पडते, आणि दादा शिट्टी फुंकतायत, "चला चला, भात निवतोय!" आमची गाइड पुरातत्त्व शिकलेली तिथलीच तरुण मुलगी होती. ती एखादं भिंतीवरचं चित्र समजावू लागली की आमच्यातलं कुणीतरी हमखास विचारायचं, "टॉयलेट कुठे आहे?" ऐकायची एकटी आई. आपल्या शाळामास्तरणीच्या इंग्रजीत ती प्रश्न विचारायची, आणि ती मुलगी दुसऱ्या दिवसापासून मुद्दाम तिच्या चालीने चालू लागली. मी रोज संध्याकाळी खोलीत बायकोजवळ तणतण करायचो. बायको म्हणायची, मग बाहेर जाऊन बोल की. मी बाहेर जाऊन बोललो नाही.

पाचवा दिवस. राजांच्या दरीत तीन थडगी झाली. आई तिन्हींत उतरली आणि कठडा धरून तिन्हींतून वर आली. राणीचं देऊळ तिने खालूनच बघितलं, म्हणाली, पाय नंतरसाठी ठेवते. मग एका दगडी मूर्तींच्या कारखान्यात आमचा सव्वा तास गेला. हा कारखाना कार्यक्रमात नव्हता. बाहेर पडलो तेव्हा बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.

बसमध्ये गाइड म्हणाली, आता कारागिरांचं गाव, इथून दहा मिनिटं. पहिल्या बाकावर आईने पर्स खांद्याला लावली.

दादांनी माइक हातात घेतला. "मित्रांनो, राजे बघून झाले, राणी बघून झाली. आता मजुरांच्या पडक्या खोल्या बघायच्यात का? अहो, लेबर कॅम्प बघायला इजिप्तला कशाला यायला हवं? मस्कतला रोज ऑफिसला जाताना दिसतात!"

सगळी बस हसली.

मला आजवर खूप राग आले आहेत, पण असा आला नव्हता. कानशिलं तापली. गाइड म्हणत होती, फक्त अर्धा तास, फार सुंदर आहे, आत रंग अजून ताजे आहेत. दादा म्हणाले, आपल्याकडे लोकशाही आहे. ज्यांना खोल्या बघायच्यात त्यांनी हात वर करा, बाकीच्यांसाठी कढी तयार आहे.

एक हात वर झाला. सुरकुतलेला, हिरव्या काचेच्या बांगड्यांशिवायचा, घड्याळ बांधलेला. हात तसाच धरून आई मागे वळली आणि बसभर नजर फिरवली.

आता जे सांगायला हवं ते सांगतो. आमच्या गटात वडिलांचा विषय निघाला की मी म्हणतो, "तेही ओमानलाच होते, कन्स्ट्रक्शनमध्ये." सोळा वर्षं हेच वाक्य म्हणत आलो. ऐकणारा त्यातून इंजिनियर काढतो आणि मी त्याला काढू देतो. या गटात सगळ्यांचे वडील बँकेत, रेल्वेत नाहीतर कॉलेजात होते. त्या बसमध्ये मी हात वर केला असता तर कुणीतरी विचारलंच असतं, तुम्हाला काय एवढं पडलंय मजुरांचं? आणि पुढे आई बसलेली असताना मला खोटं बोलता आलं नसतं. माझ्या बायकोला खरं माहीत आहे. मुलीलाही मी इंजिनियरच सांगितलेलं आहे. बायकोने माझ्याकडे बघितलं, आणि मी काहीच करत नाही म्हणून तिनेही हात मांडीवरच ठेवला.

"काकू, एकटं मत पडलं हो तुमचं," दादा म्हणाले. "चालेल ना?"

"चालेल की," आई म्हणाली आणि हात खाली घेतला.

बस वळली. वळताना उजव्या हाताला डोंगराच्या पोटात मातकट भिंतींची एक लांबट वस्ती दिसली. कमरेएवढ्या भिंती, एकीला एक लागून खोल्या आणि मधून एक अरुंद गल्ली. गाइडने आईच्या खांद्याला हात लावून बोट दाखवलं. आई काचेला नाक लावून बघत राहिली. मग मध्ये पर्यटकांच्या चार बस आल्या आणि वस्ती दिसेनाशी झाली.

कढी चांगली झाली होती, ती मी दोनदा घेतली. माझी मुलगी आजीशेजारी बसली होती. तिचं मराठी अडखळत चालतं. ती म्हणाली, "आजी, तुला ते व्हिलेज का बघायचा होता? आजोबा इंजिनियर होते, म्हणून?"

आईने घास खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. वर्गात एखाद्या मुलाला उत्तर येतं हे माहीत असलं की बाई जशा थांबतात, तशी ती थांबली. मी आचाऱ्याला हाक मारून पापड मागितला.

"मी शाळेत शिकवायचे ना ग तो धडा," आई मुलीला म्हणाली. "म्हणून आपलं."

मस्कतला परतल्यावर आठवडाभर मी दुसरं काही बोललो नाही. त्या माणसाने कार्यक्रमात लिहिलेली जागा गाळली कशी, कारखान्याला सव्वा तास दिला कसा, मजुरांविषयी असं बोलूच कसा शकतो, सगळं आयुष्य ज्यांनी बसवलेल्या लाद्यांवर चाललास त्यांच्याविषयी! गटातून बाहेर पडतो, असंही मी म्हणून टाकलं. बाहेर पडलो नाही.

आईला परत जायला दोन दिवस राहिले होते. गावाकडे न्यायला खजूर हवा होता म्हणून दुपारी आम्ही दोघंच गाडीतून निघालो, आणि सिग्नलला थांबल्यावर माझं परत सुरू झालं. लाज वाटायला हवी होती त्या माणसाला, मी म्हणालो. माइक घेऊन सगळ्यांसमोर!

"त्याला कशाची लाज?" आई म्हणाली. "त्याला कुठे ठाऊक होतं काही? त्याला वाटलं, कुणाच्यातरी खोल्या." सिग्नल सुटला होता, मागची गाडी हॉर्न देत होती. "तुला ठाऊक होतं. मी मागे वळून बघितलं, तर तू हात खिशात घालत होतास."