कच्चं खत आणि दादाची अकरा रोपं

खत कच्चं होतं, ते मी घातलं, आणि दादाची अकराही रोपं मेली.

केशोरी भागात आमच्या गावामागे बरड आहे. नुसता मुरूम. पाऊस पडतो आणि थांबायला जागा नाही म्हणून निघून जातो. तिथलं शेवटचं मोहाचं झाड दादाच्या आजारपणाच्या पावसाळ्यात वादळानं आडवं झालं. वहिनीनं त्याच्याखालच्या बिया वेचून आणल्या, आणि दादानं बाजेवर बसून त्या दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत लावल्या. रोपं वीतभर झाली तोवर दादा गेला. जाण्याआधी मला म्हणाला, "पुढच्या पावसात बरडावर लाव. पन खत मुरू दे. तुले घाई राहते."

घाई नव्हती, आळस होता. शेण, भाताचं तणस, पालापाचोळा यांचा ढीग मी माघात घालायचा तो वैशाखात घातला. पाऊस सुरू झाला तेव्हा वरून तो छान काळा दिसत होता.

आमच्याकडे बाया खताच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून पाहतात. वहिनीनं घातला आणि लगेच काढला.

"तापून राहिलं ना जी अजून. थांबा."

मी निवृत्त मास्तर. हाताच्या अंदाजावर कसा विश्वास ठेवणार? घरातला ताप मोजायचा थर्मामीटर आणून ढिगात खुपसला. पारा शेवटच्या रेघेला जाऊन टेकला.

"बिघडला हा," मी जाहीर केलं.

वहिनीनं तो माझ्या हातातून घेऊन पुसला. शेवटचे दोन महिने दादाच्या काखेत तोच लावत होतो. तेव्हा तो कधी चुकला नव्हता.

खड्ड्यांत मी घमेली भरभरून खत ओतलं. माती मिसळायची ती फक्त वरून भुरभुरली. आठव्या दिवशी पानं कडेनं करपली. मला वाटलं, पाणी कमी पडतंय. मग डोक्यावर हंडा घेऊन रोज चढ चढलो. भाताच्या बांध्यांत रोवणी करणाऱ्या बाया वाकल्या वाकल्या हसायच्या, आणि मला ते कौतुक वाटायचं.

शेवटी वहिनी स्वतः वर आली. एक रोप तिनं बोटांनी उकरून काढलं. मूळ जळल्या वातीसारखं काळं. मग खड्ड्यात हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला, दादाच्या कपाळावर ठेवायची तसा. खड्डा अजून कोमट होता.

मी म्हणालो, "दुसऱ्या बिया आणू."

"कोनत्या झाडाच्या?"

बरडावरचं शेवटचं झाड तर गेल्या पावसाळ्यातच पडलं होतं. म्हणून मी नको ते बोललो. म्हटलं, पुढच्या साली खत नीट मुरवतो, दादाच्या नावानं इथं दुसरं काहीतरी लावू.

तिनं ते काळं रोप पदरात गुंडाळलं आणि उठली.

"मी मेल्यावर माह्या नावानं काही लावू नका, भाऊजी. मले एकदाच मरू द्या."