डिझेल घ्या, असं मी म्हणाले

आमचे हे गादीवाले. माणूस कष्टाळू, पण डोक्यात संशयाचा किडा कायम वळवळणारा. दुकानदाराने "या, बसा" म्हटलं, तरी यांना वाटतं खुर्चीचा पाय मोडका असणार. कोणी पूर्व म्हणालं की हे हमखास पश्चिमेला.

जुन्या पिकअपने मान टाकली. दुकान त्या गाडीवरच चालतं आणि पुढची दहा-बारा वर्षं पुन्हा गाडी घेण्याची आमची ऐपत नाही. निवड चुकली तर संपलंच. डिझेल की पेट्रोल?

मेकॅनिक म्हणाला, "गाद्या हलक्या, फेऱ्या दोन-दोन किलोमीटरच्या. डिझेलला लांब पल्ला लागतो, नाहीतर धुराच्या फिल्टरमध्ये काजळी साचते. इंधनात वाचेल ते दुरुस्तीत जाईल. पेट्रोल घ्या." माझा भाऊ वीस वर्षं ट्रक चालवतोय, तोही तेच म्हणाला.

झालं! "दोघांचं एकमत? म्हणजे आतून मिळालेले आहेत! तुझ्या भावाला शोरूमवाला काहीतरी देतोय." भाऊ बिचारा अर्धा चहा टाकून उठला. मला असा राग आला म्हणून सांगू!

जेवताना यांनी अचानक विचारलं, "तुला काय वाटतं गं?" गाडीच्या बाबतीत मला आजवर कधी विचारलं नव्हतं. म्हटलं, उलटंच करणार ना? मग आपणही उलटंच सांगू.

"अहो, डिझेलच! केवढी ताकद असते. विकतानाही किंमत चांगली येते." आणि मनातल्या मनात मी पेट्रोलच्या गाडीची पूजासुद्धा उरकली.

दुसऱ्याच दिवशी दारात डिझेलची गाडी. माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

वर्ष सरायच्या आत फिल्टर तीनदा तुंबला. गाद्या दुकानात पडून, गिऱ्हाईकं दुसरीकडे. तिसऱ्या वेळी आम्ही दोघं गॅरेजमध्ये उभे होतो. मेकॅनिक गाडीखाली शिरलेला आणि हे त्याच्या हातांवर नजर रोखून.

"हाच काहीतरी करून ठेवतो," हे माझ्या कानाशी लागले. "पेट्रोल घेतलं नाही ना, त्याचा सूड! अगं, सगळी दुनिया टपलेली आहे. म्हणून तर तुला विचारलं. तू मला कधी फसवणार नाहीस."

मला राहवलंच नाही. सगळं सांगून टाकलं, मेकॅनिक ऐकतोय याचंही भान राहिलं नाही.

यांनी मेकॅनिकचे पैसे दिले आणि घरची वाट धरली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

घरी आलो, पानं वाढली. "भाजीत मीठ आहे ना?" यांनी विचारलं.

"आहे," मी म्हणाले.

यांनी भाजीला बोट लावलं आणि आधी चाखून पाहिली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, असं कधी केलं नव्हतं.