रत्नागिरीहून आलेल्या बाई

वर्धा स्टेशनवरून बोरगाव मेघेला येणाऱ्या शेअर ऑटोत साठीच्या एक बाई माझ्या शेजारी बसल्या. बसल्याबरोबर त्यांनी एक चप्पल काढून बाहेर झटकली, मग दुसरी.

"रत्नागिरीची वाळू हाये," त्या म्हणाल्या. "आठ दिवस मैत्रिणीकडे राह्यली. तिनं किल्ला दाखवला, मासळीबाजार दाखवला. समुद्र मात्र रोज उद्यावर. म्हणे, तो काय पळून जातो?"

"मग?"

"मी म्हटलं, तो नाई जात, आपण जातो. काल सकाळी हाताले धरून नेलं तिले. घरापासून दहा मिनिटं! नवरा वारल्यापासून पाच वर्सं गेलीच नव्हती. गुडघाभर पाण्यात उभी राह्यली आन् मलेच विचारते, पुन्हा कधी येशीन?"

त्यांनी चपला पायात सरकवल्या.

"तुम्ही इथल्याच का? मंग पवनारले नदीवर नेहमी जात असान."

पवनार आमच्याकडून आठ-दहा किलोमीटर. मी शेवटची गेले तेव्हा मुलगी पहिलीत होती. आता ती नोकरीला लागली आहे.

"जाते ना," मी म्हणाले आणि बाहेर पाहू लागले.